"नुसते दगड" पाहायचे कसे?

प्रश्न म्हापशाच्या एका ताईंचा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई यांना घेऊन त्या एका तालुक्याच्या गावातलं छोटं संग्रहालय पाहायला गेल्या. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. वीस मिनिटांत सगळे बाहेर. मुलगा म्हणाला, "नुसते दगड आणि काळी पडलेली भांडी." पाट्यांवर दोन-दोन शब्द, समजावून सांगणारं कुणी नाही. ताई विचारतात, अशा ठिकाणी पाहायचं काय आणि कसं? की मुलांना सरळ मुंबईच्या मोठ्या म्युझियमला न्यावं?

ताई, मुंबईला न्याच. पण तिथे पाहायची रीत इथे चालत नाही, म्हणून तुमची वीस मिनिटं अशी कोरडी गेली. मोठ्या संग्रहालयात दूरदूरच्या मुलखातून निवडून आणलेल्या वस्तू असतात. एखादी मूर्ती नुसती बघितली तरी डोळे तृप्त होतात, ती कुठली हे कळलं नाही तरी चालतं. छोट्या गावातल्या संग्रहालयात वस्तू निवडून आलेली नसते. रस्ता रुंद करताना सापडलेला दगड, घर पाडताना कुणी तरी वाचवलेलं दार, विहीर उपसताना वर आलेली मूर्ती, वाटण्या झाल्यावर कुणालाच नको असलेलं भांडं. ज्याला गावात दुसरी जागा उरली नाही, ते इथे येतं. त्यामुळे "हे किती सुंदर?" किंवा "हे किती जुनं?" असं विचारत फिरलं की हाती काही लागत नाही. इथे पहिला प्रश्न एकच: हे कुठून आलं? बहुतेक वेळा उत्तर दहा-पंधरा किलोमीटरांच्या आतलं असतं आणि तिथे तुम्हाला त्याच दिवशी जाता येतं. मुंबईच्या म्युझियममध्ये ही सोय नाही.

संग्रहालयातल्या वस्तूंची नोंद ठेवणं आणि त्यांची निगा राखणं हेच काम मी सत्तावीस वर्षं केलं. आता निवृत्त आहे, पण शाळेची मुलं आली की अजून जातो. जे सांगतोय ते या कामातून हाताला लागलेलं आहे.

गोव्यात "कुठून आलं?" या प्रश्नाला विशेष वजन आहे, कारण आपल्याकडे माणसांआधी देवच जागेवरून हलले. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे तीन महाल पोर्तुगिजांकडे होते, आणि तिथली देवळं पाडली जाऊ लागली तसे लोक रातोरात देव घेऊन नदीपार गेले. कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज आपण फोंडा महालातल्या ज्या देवळांत आरत्या म्हणतो त्यांतल्या कितीतरी देवांचं मूळ घर नदीच्या अलीकडे आहे. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे भाग पोर्तुगिजांच्या हाती आले १७६३-६४ मध्ये, डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. या मधल्या दोनशे वर्षांत देवांना तिथे थारा मिळाला.

देव गेले, पण देवळाचे दगड मागे राहिले. खांबाचा तुकडा, कीर्तिमुख, जोत्याची पट्टी, हत्तीची सोंड तुटलेली शिळा. कुणी ते कुंपणात घातले, कुणी विहिरीच्या काठाला, काही शेतात पडून राहिले. पुढे कधीतरी नांगराला लागले किंवा पाया खणताना वर आले आणि संग्रहालयाच्या व्हरांड्यात येऊन बसले. तुमच्या मुलाने "नुसते दगड" म्हटलं ते बहुधा हेच असणार. पाटीवर "स्तंभशीर्ष, अंदाजे बारावे शतक" एवढंच असेल. पण त्याखाली गावाचं नाव असेल तर ते आधी वाचा. वेर्णे, कुठ्ठाळी, दिवाडी, चांदोर असं काही दिसलं की त्या दगडाचा देव आज कुठे आहे हे घरातली म्हातारी माणसं सांगू शकतात. अनेकांचं कुलदैवतच तिथलं असतं.

दगड कोणता आहे तेही पाहा, म्हणजे निम्मं कोडं सुटतं. आपला जांभा भोकाभोकांचा, तांबडा. त्याचे चिरे काढून भिंती उत्तम होतात, पण त्यात डोळे, बोटं, दागिने असं बारीक काम टिकत नाही. म्हणून कोरीव मूर्ती बहुतेक काळसर किंवा हिरवट करड्या, गुळगुळीत होणाऱ्या दगडाच्या असतात. व्हरांड्यात जांभ्याची ओबडधोबड मूर्ती आणि शेजारी काळ्या दगडाची रेखीव मूर्ती असली, तर पहिली "वाईट" आणि दुसरी "चांगली" असं मुलांना सांगू नका. पहिली गावातल्याच हातांनी, पायाखालच्या दगडात केलेली आहे. दुसरीसाठी दगड निवडून आणावा लागला, कसबी कारागीर बोलवावा लागला, म्हणजे मागे राजाचा किंवा मोठ्या दात्याचा पैसा होता. दोन्हींमागची माणसं वेगळी आहेत.

आता वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. छोट्या संग्रहालयात जवळजवळ हमखास असणारी आणि जवळजवळ कुणीच न वाचणारी वस्तू. उभा आयताकृती दगड, त्यावर दोन-तीन किंवा चार कप्पे. तो खालून वर वाचायचा, हे एकदा सांगितलं की चौथीतल्या मुलालाही वाचता येतो. सगळ्यात खाली लढाई: घोडा, ढाल-तलवार, कधी मागे गुरं दिसतात, म्हणजे गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला धरून वर नेत आहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहील. आणि गोव्याची खासियत म्हणजे काही वीरगळांच्या खालच्या कप्प्यात घोड्याच्या जागी गलबत आहे. वल्ही मारणारे, धनुष्य ताणलेले, पाण्यात पडलेले. पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांचं बळ समुद्रावर होतं. त्यांची राजधानी आधी चंद्रपूरला, म्हणजे आजच्या चांदोरला होती. नंतर ती जुवारीकाठच्या गोपकपट्टणला, आजच्या गोवा वेल्हाला गेली. एवढं ऐकून मुलं त्या दगडापाशी पाच मिनिटं तरी उभी राहतात. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एकच हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. तिथे मात्र मी मुलांशी सावकाश बोलतो. मुली फार थेट प्रश्न विचारतात आणि त्यांना खरी उत्तरं द्यावीत.

वीरगळाची एक गोष्ट मला सांगायलाच हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, पावसाळ्याच्या तोंडावर, एक टेम्पो असाच एक दगड घेऊन आला. कुठल्याशा रस्त्याच्या कामात निघाला होता. पाऊस सुरू होणार होता, उतरवायला माणसं कमी होती, मी घाईत होतो. टेम्पोवाला बाजूला उभा राहून विडी ओढत होता. त्याला विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं: "वीरगळ, काळा दगड, प्राप्तिस्थान अज्ञात." चिखल धुतल्यावर खालच्या कप्प्यात गलबत निघालं. तो दगड कोणत्या नदीच्या काठावर उभा होता, कोणत्या बंदराच्या रक्षणासाठी तो माणूस मेला, हे सगळं त्या टेम्पोवाल्याच्या एका वाक्यात कळलं असतं. पुढची दोन वर्षं मी त्याला शोधत होतो. तो सापडला नाही. दगड अजून आहे, त्याच्या पाटीवर तेच शब्द आहेत आणि ते माझ्या हातचे आहेत. तेव्हापासून वस्तू दारात आली की आधी माणसाला बसवून चहा द्यायचा आणि विचारायचं, वस्तू नंतर उतरवायची, हा नियम मी मोडला नाही.

तुमच्या सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय की त्या "गुडघे दुखतात म्हणून बाकावरच बसून राहिल्या." ताई, त्या दिवशी त्या इमारतीतल्या सर्वात जाणत्या व्यक्तीला तुम्ही बाकावर बसवून ठेवलं होतं.

एकदा सत्तरीकडच्या एक आजी नातवंडांबरोबर आल्या. आत गजलक्ष्मीची शिळा होती. मधे बसलेली देवी, दोन्ही बाजूंनी हत्ती सोंडेतून पाणी घालताहेत. पाटीवर "गजलक्ष्मी" असं लिहिलेलं. आजी दारातच थांबल्या, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "अगो बाय, ही आमची केळबाय! हिका हांगा कित्याक हाडली?" आमच्या पुस्तकात ती गजलक्ष्मी, गावात ती केळबाय. त्यांच्या गावी अशीच शिळा कुठे आहे, तिच्यापुढे काय ठेवतात, कोणत्या दिवशी कुणाच्या घरचा मान असतो, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं आणि मी उभ्याउभ्या लिहून घेतलं. त्यांचा प्रश्न मात्र मला आजही सुटलेला नाही. इथे का आणली? चोरी होऊ नये म्हणून, पावसात झिजू नये म्हणून, हे खरं. पण हळदीकुंकू बंद झालं, हेही खरं. कुठल्याही मूर्तीपुढे उभं राहिल्यावर ही दोन्ही सत्यं मुलांना सांगावीत असं मला वाटतं.

जाग्यावरून हलणं फक्त सोळाव्या शतकातलं नाही. साळावली धरणात सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव बुडालं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगडादगडाला क्रमांक घालून उतरवलं आणि सुमारे सतरा किलोमीटरांवर धरणाजवळ पुन्हा उभं केलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावाची जोती वर येतात आणि पांगलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. त्याच कुर्डीतली जांभ्या दगडातली मोठी मातृदेवता वेर्ण्याला, म्हाळसेच्या जुन्या जागी नेऊन ठेवली. म्हणजे ज्या वेर्ण्यातून सोळाव्या शतकात एक देवी बाहेर गेली, तिथेच विसाव्या शतकात दुसरी देवी आसऱ्याला आली. वेर्ण्याला गेलात तर हे मुलांना तिथे उभं राहून सांगा. घरी सोफ्यावर बसून सांगितलेलं तेवढं पोचत नाही.

आणि सत्ता बदलली की सत्ताधाऱ्यांनाही जागा बदलावी लागते. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय १९६४ पासून आहे (शुक्रवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा, अनेकजण फुकट खेप घालतात). तिथे गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनापतीचा, अफोन्सो द आल्बुकर्कचा, ब्राँझचा मोठा पुतळा आहे. हा पूर्वी पणजीत, आज ज्याला आपण आझाद मैदान म्हणतो तिथल्या मंडपात उभा होता. आता त्या मैदानात हुतात्म्यांचं स्मारक आहे. पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळाही तसाच. आधी जुन्या गोव्यात मोकळ्यावर होता, नंतर आत आला. १९ डिसेंबर १९६१ या गोवामुक्तीच्या तारखेचं पुस्तकातलं पान मुलांना पाठ असतं, पण रस्त्यावरचा पुतळा छपराखाली येतो म्हणजे काय, हे पुतळ्यापुढे उभं राहिल्यावर वेगळंच कळतं. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय लोकांची साठांहून अधिक चित्रं आहेत. ही मालिका गव्हर्नर दों जुवांव द कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू केली. पण एक लक्षात घ्या. दमट हवेने रंग उडाले की पुन्हापुन्हा वरून रंग चढवले गेले, त्यामुळे आज दिसतो तो चेहरा त्या माणसाचा होताच असं समजू नये. कपडे, कुलचिन्हं आणि खालचा मजकूर पाहण्यात जास्त अर्थ आहे.

दगड आणि पुतळे एवढं पुरे. काळ्या पडलेल्या भांड्यांकडे वळू, कारण तिथे तुमच्या सासूबाईंना अक्षरशः खुर्ची घेऊन बसवायला हवं होतं.

घरगुती वस्तू पाहताना मी एकच काम देतो: झीज शोधा. आदोळीचं, म्हणजे विळीचं, पातं कुठे जास्त खाल्लं गेलंय? बसायच्या फळीचा कोणता भाग गुळगुळीत झालाय? रगड्याच्या खळग्यात एक बाजू जास्त खोल आहे का? भात भरडायच्या घिरटाचा खुंटा कोणत्या उंचीवर घासलाय, म्हणजे ओढणारी बाई उभी होती की बसलेली? तांब्याच्या भाणाला, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याला, ठिगळ आहे का? असेल तर ते कुठून तापवलं जायचं तेही दिसतं. मुलांना हे फार आवडतं, कारण इथे उत्तर पाटीवर नसतं, डोळ्यांनी काढावं लागतं. तुमची मुलगी आठवीत आहे, तिला वहीत ठिगळाचं चित्र काढायला सांगा. फोटो नको. फोटो काढला की बघणं थांबतं, चित्र काढताना बघावंच लागतं.

मग मापं. कुडव, पायली अशी लाकडी किंवा पितळी मापं असतील तर सासूबाईंना विचारा, घरी भात कुणाला मोजून द्यावं लागे. या प्रश्नाला घराघरांत वेगळं उत्तर मिळतं. कुणाकडे भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, खंड जायचा, कुणाकडे देवळाला, कुणाकडे गावकारीतून, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेकडून, जोण (वाटा) यायचा. एकाच कुडवाकडे मोजून घेणारा आणि मोजून देणारा वेगवेगळ्या डोळ्यांनी बघतो. काही घरांत हा विषय अजूनही दुखरा आहे. मुलांनी तेही ऐकावं.

नाणी असतील तर तिथे आजीच मार्गदर्शक. पोर्तुगीज अमलात इथे रुपिया चालत असे, १९५८ पासून एस्कुदो आले आणि मुक्तीनंतर भारतीय रुपया. सासूबाईंच्या वयाच्या व्यक्तीने लहानपणी दुकानात एस्कुदो दिलेले असणार. एका नाण्यात काय मिळायचं, हे त्यांनाच विचारा. काचेखालचं नाणं आणि आजीच्या फ्रॉकच्या खिशातलं नाणं एकच आहे हे कळल्यावर धाकट्याचा चेहरा बघा.

अशा वस्तूंचं सर्वात भरगच्च ठिकाण पाहायचं असेल तर बाणावलीचं गोवा चित्र. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी गोळा केलेल्या चार हजारांहून अधिक वस्तू तिथे आहेत: नांगर, घाणे, कुंभाराचं चाक, मापं, वाद्यं. इमारतसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या वापरून उभारलेली आहे. पण एका दिवसात सगळं पाहू नका. मला विचाराल तर नांगर आणि पाणी एवढ्यावरच थांबा. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचे, बांध, भरती-ओहोटीला आपोआप उघड-मीट करणारं मानशीचं (बांधातल्या झडपेचं) दार हे समजलं तर येताना रस्त्यावरून दिसणारी खाजनं वेगळी दिसू लागतात.

तुमच्या दोन तक्रारींना कामातल्या माणसाचं उत्तर देतो. पहिली: "आत अंधार आणि कोंदट." कागद आणि कापड प्रकाशाने कायमचे खराब होतात, उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतात, म्हणजे दिवाणखान्यात आपण संध्याकाळी लावतो त्याहूनही मंद. आत गेल्यावर पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात. कोंदटपणा मात्र चांगला नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला ओलावा इतका वाढतो की लोखंड फुगतं, कागदाला बुरशी येते, ब्राँझवर हिरवट पूड धरते. लहान संग्रहालयाला रात्रंदिवस वातानुकूलन परवडत नाही, मग कर्मचारी दारं-खिडक्या बंद-उघड करून कसंबसं निभावतात. दुसरी तक्रार, "हात लावू देत नाहीत." हाताच्या घामातलं मीठ धातूवर काम करत राहतं. ठसा महिन्यांनी उमटतो. मुलांना कारण सांगितलं की मुलं ऐकतात, नुसतं दटावलं तर मागे वळून हात लावतात.

एक गुपित सांगतो, तसं ते गुपित नाही. वस्तूच्या मागे किंवा तळाला बारीक अक्षरांत रंगाने आकडा लिहिलेला असतो. बहुतेक ठिकाणी पहिला भाग वर्षाचा आणि दुसरा अनुक्रमांक. त्यावरून वस्तू कधी आली ते कळतं आणि नोंदवहीत तिची कहाणी सापडू शकते. पाटी दोन शब्दांची असते, नोंद कधीकधी अर्ध्या पानाची असते. तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा, "या वस्तूची नोंद काय म्हणते?" दिवसभर फक्त "शौचालय कुठे?" हाच प्रश्न ऐकणारा माणूस या प्रश्नाने उभा राहतो. दुपारी एक ते तीन मात्र जाऊ नका. कित्येक छोटी ठिकाणं तेव्हा बंद असतात आणि उघडी असली तरी तुम्हीच पेंगत असता. सकाळी दहाला जा, तासाभरात चार वस्तू पाहा. बाकीच्या राहिल्या तर राहू द्या.

आता तुमच्यासाठी एक दिवस आखून देतो. म्हापशाहून डिचोली जवळ आहे. नार्व्याला जा, सप्तकोटेश्वराकडे. हा देव मुळात मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेटावरचा, कदंबांचं आराध्य दैवत. देऊळ पाडल्यावर तो अलीकडे आला, आणि दिवाडीवरच्या नार्वे या नावाने नव्या जागेलाही ओळखू लागले. देवाबरोबर गावाचं नावसुद्धा होडीत बसून आलं म्हणायचं. देवळाच्या दरवाज्यावर शिलालेख आहे, देवनागरीत. मुलीला वाचायला लावा. शके १५९०, कार्तिक, आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचं काम सुरू झालं अशी नोंद. शकात ७८ मिळवले की इसवी सन: १६६८. हा हिशेब ती तिथल्या तिथे करील. काचेच्या मागे नाही, पाटी नाही, ज्या दारासाठी लिहिला त्याच दारावर तो लेख आहे. बांदिवड्याच्या नागेश देवळातही १४१३ चा शिलालेख असाच आपल्या जागी आहे, तिथे कधीतरी जाल.

नार्व्याहून हरवळ्याला, साखळीजवळ. जांभ्यात कोरलेल्या लेण्या आहेत, जवळच धबधबा. मे महिन्यात पाणी कमी असेल, पण लेण्यांत गारवा असतो आणि सासूबाईंना फार चढायला नको. भिंतीवर छिन्नीचे घाव पाहा. जांभा खणून निघाल्यावर मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो, म्हणून असं काम शक्य झालं. एवढं झाल्यावर त्या दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी परत तुमच्या त्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात जा. आधी जागा, मग वस्तू, हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. जागा पाहून आलेल्या मुलाला व्हरांड्यातला दगड तुटलेला दिसतो. ज्याने जागा पाहिली नाही त्याला तो नुसता दगड दिसतो.

पुढच्या सुट्टीत केप्याच्या पलीकडे उसगाळीमळला कुशावतीच्या काठी न्या. नदीकाठच्या सपाट जांभ्यावर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, अभ्यासकांपुढे १९९३ मध्ये आलं. उन्हाळ्यात जा, सकाळी लवकर, तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. रेघांवर पाय देऊ नका आणि खडूने रंगवून फोटो तर मुळीच काढू नका. हे कधीच कुठल्या संग्रहालयात येणार नाही, कारण उचलताच येत नाही.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ते: सासूबाईंकडे माहेरचं एक तांब्याचं भाण आहे, घरात जागा नाही, ते संग्रहालयाला द्यावं का? द्यायला हरकत नाही. पण देण्याआधी एक काम करा. सासूबाईंना समोर बसवून लिहून घ्या: कुणाचं, कोणत्या गावच्या कोणत्या वाड्यावरच्या घरातलं, कुणी विकत घेतलं किंवा कुणाच्या लग्नात आलं, कशासाठी वापरलं, ठिगळ असेल तर कुणी मारलं, शेवटचं कधी चुलीवर चढलं. त्यांच्याच शब्दांत लिहा, शुद्ध मराठी करू नका, "न्हाणीत" म्हणाल्या तर "न्हाणीत"च लिहा. जाड कागदावर पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई आपल्या हवेत पसरते. एक प्रत भाणाला सुती दोऱ्याने बांधा, तार वापरू नका, एक घरी ठेवा. भाण घासून लख्ख करू नका, आहे तसंच द्या. आणि संग्रहालयात ते उतरवून घेणारा माणूस घाईत असेल, तर त्याला थांबवा आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्या.